रवंथ

मॉन्टेव्हिडिओत जुलै म्हणजे थंडी.
रॉकेलची शेगडी, एकाच बाजूने भाजणारी.
येर्बाचा कडू काढा भोपळ्यात,
टेबलावर गाय, उभी चिरलेली, पान दोनशे अकरा,
आणि कानात अन्सेल्मो बेरुत्ती.

ओंदिना म्हणायची, बाई गं, एक काहीतरी कर.
ती नोटरी व्हायला शिकत होती, तिला शांतता लागे.
मी म्हणायचे, मुक्या खोलीत मला अक्षरं दिसत नाहीत.
हे खरं होतं.
बेरुत्ती लागला की पुस्तकच दिसत नसे,
हेही.

मग मी वाटण्या केल्या.
हाडांना बेरुत्ती. तो थोडक्यात भागवतो,
एक हातमोजा हरवतो आणि चार कडवी तोच शोधतो;
तेवढ्यात पुढचा पाय खांद्यापासून खुरापर्यंत होतो.
परजीवींना सुल्मा इरिगोयेन, नऊ कडव्यांची, श्वास न घेणारी.
यकृतातला चपटा कृमी मेंढीतून ओढ्यात,
ओढ्यातून गोगलगायीत, तिथून गवतावर येईपर्यंत
सुल्माचा नवरा स्टेशनवर पोचलेला नसायचा.
गोगलगाय आणि पोटात पाय, एवढंच लोक म्हणतात.
पोटात आणखी काय काय असतं, ते मला विचारा.
औषधांच्या मात्रांना कुणीच नाही.
तिथे चुकलं तर जनावर मरतं.

आणि नेरी पिंतोस.
त्याला मी कशालाच लावला नाही.
सेर्रोच्या कत्तलखान्यात बावीस वर्षं सुरी धरलेला माणूस,
गाणी मोजून अकरा.
कॅसेटला लेबल नव्हतं,
भावाने ती भीतीच्या वर्षांत उतरवून घेतलेली.
मागे कुणाचा तरी खोकला, मग एक दार,
आणि दारानंतर पिंतोस अर्धी ओळ थांबतो.
त्या अर्ध्या ओळीसाठी
मी पेन्सिल घालून कॅसेट मागे फिरवायचे.
पुन्हा. पुन्हा.
गिळलेलं तोंडात आणून चघळायचं,
ह्याला गाईच्या बाबतीत पचन म्हणतात.

परीक्षेच्या आदल्या रात्री माझा नेम मोडला.
चार पोटं राहिली होती.
पहिल्यात नुसतं कोंबायचं.
दुसरं मधाच्या पोळ्यासारखं.
तिसऱ्याला आमचे खाटीक पुस्तक म्हणतात,
आत पानं असतात म्हणून.
आणि पिंतोस गात होता,
भावाचे बूट दाराशी आहेत, कुणी पायात घालू नका.

प्राध्यापक ओतोर्मिन म्हणाले, बोला लारालदे, तिसरं.
मी म्हणाले, पानं असतात, पाणी शोषलं जातं,
आणि दाराशी बूट.
त्यांनी चष्मा काढला.
हे कुठल्या पानावर आहे?
मी म्हणाले, बी बाजूला.
ते हसले नाहीत.
बराच वेळ काचा पुसत राहिले.
बारापैकी सहा दिले.

पिंतोस गेला त्या दिवशी
ताकुआरेंबोच्या एका गोठ्यात
माझा हात खांद्यापर्यंत गाईत होता.
वासराचा पुढचा पाय मागे दुमडलेला.
सकाळपासून रेडिओवर तोच.
गड्याने टोपी काढून छातीशी धरली.
खोकला आला. दार आलं.
अख्खा देश त्या अर्ध्या ओळीत उभा होता
आणि मला दिसली रॉकेलची शेगडी,
पान दोनशे अकरा,
कुशीवर वळून उशी कानावर घेणारी ओंदिना.
ते गाणं माझ्याकडे धड शिल्लकच नाही.
पानापानांत चिकटलंय,
धुऊन निघत नाही.
मी रडले. नेमकी कशासाठी,
ते गड्यालाही सांगता आलं नसतं.

मग बोटांना खूर लागला.
मुठीत घेतला, सरळ केला, ओढलं.

रेडिओवर पुढचं गाणं लागलं होतं.
तेही पिंतोसचंच, पण अभ्यासाशिवाय ऐकलेलं.
ते मला आठवत नाही.